बाळ काचेत आहे आणि रिपोर्टमध्ये 'रेझिस्टंट' लिहून आलंय, आता आईबापांनी करायचं काय

बाळ काचेत ठेवलंय, दोन-चार दिवस बरं चाललेलं, दूधही थोडं पचायला लागलेलं, आणि मग डॉक्टर बाहेर येऊन सांगतात की रक्तात इन्फेक्शन आहे आणि नेहमीची अँटिबायोटिक्स त्या जंतूला लागू पडत नाहीयेत. यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'डॉक्टर यापेक्षा भारी औषध द्या ना, पैशाचं आम्ही बघतो.' मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, सिस्टर आहे, हा प्रश्न दर आठवड्याला ऐकते. दरवेळी वाटतं की यांना कोणीतरी शांत बसवून सांगायला हवं की बाबांनो भारी औषधाच्या मागे लागू नका, दुसऱ्या काही गोष्टींच्या मागे लागा, त्यातल्या निम्म्या तर तुमच्याच हातात आहेत. तेच लिहितेय. डोस, औषधाची निवड यातलं काही सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम.

आधी 'भारी औषध' हे डोक्यातून काढा. अँटिबायोटिकमध्ये हलकं-भारी असं काही नसतं, एखादा जंतू एखाद्या औषधाला मरतो किंवा मरत नाही एवढंच असतं. एखाद्या जंतूला साधं अँपिसिलिन लागू असेल तर तिथे मेरोपेनेम देऊन बाळ लवकर बरं होत नाही, उलट पोटातले चांगले जंतू मरतात, बुरशीचं इन्फेक्शन व्हायचा धोका वाढतो आणि वॉर्डात मेरोपेनेमलाही न जुमानणारे जंतू माजतात. ते मग शेजारच्या वॉर्मरवरच्या (ऊब देणाऱ्या पाळण्यातल्या) बाळाला धरतात. म्हणजे आज तुम्ही हट्टाने मागितलेलं औषध उद्या दुसऱ्या कोणाच्यातरी, किंवा तुमच्याच बाळाच्या पुढच्या इन्फेक्शनला चालेनासं होतं.

आपल्याकडे परिस्थिती किती वाईट आहे याचा अंदाज हवा असेल तर दिल्लीचा अभ्यास बघा. 2011 ते 2014 या काळात तिथल्या तीन मोठ्या हॉस्पिटलात जन्मलेल्या 13,530 बाळांवर लक्ष ठेवलं होतं, तो 2016 मध्ये छापून आला. त्यात प्रामुख्याने सापडलेल्या जंतूंत ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय होते. सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टरपैकी 82 टक्के आणि क्लेबसिएलापैकी 54 टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. आणि माझ्या मते सगळ्यात हादरवणारी गोष्ट म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश इन्फेक्शन जन्मल्यापासून पहिल्या 72 तासात झालेली. आपल्याला वाटतं की हे जंतू बाळ खूप दिवस आत राहिलं की लागतात, पण इथे तर डिलिव्हरी रूममधून आणि पहिल्या दोन-तीन दिवसातल्या हाताळण्यातूनच लागत असावेत.

आता याच्या उलटं चित्र. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या नेतृत्वाखाली 1990च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवलं, त्या घरी जाऊन बाळ तपासायच्या आणि सेप्सिसची, म्हणजे रक्तात पसरलेल्या इन्फेक्शनची, लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने कोट्रायमॉक्सॅझोल द्यायच्या. 1999 मध्ये निकाल आले तेव्हा त्या 39 गावांतले नवजात मृत्यू, जिथे हा कार्यक्रम नव्हता त्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी कमी झालेले होते. ही किती साधी स्वस्त औषधं! अशीच साधी औषधं आज बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलातल्या क्लेबसिएलावर चालत नाहीत. मोठा फरक पडला तो औषधं कुठे किती वापरली याने.

कल्चरबद्दल विचारा, औषधाच्या नावाबद्दल नको

डॉक्टर म्हणाले की इन्फेक्शनची शंका आहे, अँटिबायोटिक सुरू करतोय, की विचारायचं एवढंच, 'ब्लड कल्चर औषधाच्या आधी घेतलं का?' कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी. पहिला डोस गेल्यावर रक्त घेतलं तर जंतू बाटलीत वाढतच नाही बऱ्याचदा, मग पुढचे दहा दिवस सगळं अंदाजाने चालतं. बाळाची तब्येत इतकी वाईट असेल की क्षणभरही थांबता येणार नाही तर गोष्ट वेगळी, पण एरवी कल्चर आधी. आणि रक्त निदान एक मिली तरी जायला हवं. आजीबाई इथे हमखास ओरडतात की एवढुशा जीवाचं किती रक्त काढता, पण अर्ध्या मिलीपेक्षाही कमी पाठवलं तर जंतू असून सापडत नाही, तेव्हा त्या एक मिलीवर वाद घालू नका प्लीज.

मशीनवर लावलेल्या कल्चरमध्ये जंतू असेल तर बहुतेक वेळा 36 ते 48 तासात मशीन वाजतं. म्हणून दुसरा प्रश्न दोन दिवसांनी, 'कल्चरमध्ये काही आलं का, आणि नसेल आलं तर औषध बंद करता येईल का?' कल्चर निगेटिव्ह आणि बाळ ठणठणीत असेल तर बऱ्याच बाळांची अँटिबायोटिक्स तिथेच थांबवता येतात. हा प्रश्न कोणी विचारत नाही हो, सगळे 'अजून चालू ठेवा ना, रिस्क नको' असंच म्हणतात. नुसता सीआरपी (सूज किंवा इन्फेक्शन असलं की रक्तात वाढणारा घटक) थोडा वाढलाय म्हणून सात दिवस औषध चालू ठेवायचं हे मला तरी पटत नाही. सीआरपी अवघड डिलिव्हरीनेही वाढतो, ऑपरेशननेही वाढतो. अर्थात बाळ सुस्त आहे, श्वास थांबतोय, पोट फुगलंय असं असेल तर डॉक्टर निगेटिव्ह कल्चरवरही औषध चालू ठेवतील आणि ते बरोबरच असतं, त्यामुळे भांडायचं नाही, कारण विचारायचं.

कमरेतलं पाणी काढायचं म्हटलं की घरात रडारड सुरू होते. पाणी काढल्याने पोर पांगळं होतं हा समज कुठून आलाय देव जाणे. रक्तात जंतू सापडला की तो मेंदूच्या आवरणापर्यंत गेलाय का हे बघायला ती तपासणी लागते, कारण नुसतं रक्तातलं इन्फेक्शन असेल तर साधारण 10 ते 14 दिवस औषध आणि मेंदूज्वर असेल तर या जंतूंसाठी निदान 21 दिवस. सही करायला नकार दिलात तर डॉक्टरांना एकतर कमी द्यावं लागतं नाहीतर उगाच जास्त.

रिपोर्ट हातात आला की

रिपोर्टवर वर जंतूचं नाव असतं आणि खाली औषधांची यादी, प्रत्येकापुढे एस, आय किंवा आर. एस म्हणजे लागू, आय म्हणजे मधलं, आर म्हणजे लागू नाही. त्याच्या शेजारी एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला निदान किती औषध लागतं) म्हणून आकडे असतात आणि लोक ते आकडे बघून ठरवतात की ज्याचा आकडा सगळ्यात छोटा ते सगळ्यात चांगलं औषध. तसं नसतं! प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी, एका औषधाचा 1 आणि दुसऱ्याचा 4 यांची तुलनाच होत नाही, तेव्हा आकडे सोडून द्या, अक्षरं बघा.

कोलिस्टिनपुढे 'आय' दिसलं की लोक घाबरतात की आता शेवटचं औषधही अर्धवट झालं. पण बऱ्याच लॅब ज्या अमेरिकन नियमावलीने चालतात तिच्यात 2020 पासून कोलिस्टिनला 'एस' हा शेराच ठेवलेला नाही, एकतर आय नाहीतर आर. म्हणजे आय आलं तर त्यातल्या त्यात बरं.

अजून एक गोंधळ. कल्चर कशाचं आहे ते नीट वाचा. रक्तातून आलंय, लघवीतून, कमरेतल्या पाण्यातून की व्हेंटिलेटरच्या नळीतल्या स्रावातून? नळीत किंवा त्वचेवर किंवा शी-च्या नमुन्यात ॲसिनेटोबॅक्टर सापडला म्हणजे तो तिथे मुक्कामाला आहे इतकंच, त्याने बाळ आजारी पडलंय असं नाही, आणि नुसत्या मुक्कामाच्या जंतूवर बहुतेक वेळा औषध द्यायचं नसतं. तसंच रक्ताच्या एकाच बाटलीत 'कोॲग्युलेज निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस' असं लांबलचक नाव आलं तर ते रक्त घेताना कातडीवरचं आत गेलेलं असू शकतं. नाजूक, लाईन (रक्तवाहिनीत ठेवलेली बारीक नळी) टाकलेल्या बाळात तो खराही असतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारायचं, 'हे खरं इन्फेक्शन वाटतंय का तुम्हाला की बाहेरून आलेलं?' चांगले डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाहीत, उलट खूश होतात.

जंतू सापडला आणि साधं औषध लागू आहे असं दिसलं तर डॉक्टर मोठ्या औषधावरून खाली उतरतात. त्यावेळी 'औषध कमी का केलं, पैसे संपले असं वाटलं का तुम्हाला' असं म्हणणारे मामा मी पाहिलेत. ते कमी केलेलं नसतं, नेमकं केलेलं असतं.

हात, हात आणि परत हात

औषधाला न मरणारा हा जंतू साबणाने मात्र धुऊन जातो आणि सॅनिटायझरला सरळ मरतो. अँटिबायोटिक चालत नाही म्हणून अल्कोहोल चालत नाही असं होत नाही. ॲसिनेटोबॅक्टर कोरड्या जागी, म्हणजे वॉर्मरच्या कडेवर, मॉनिटरच्या बटणावर, आठवडेच्या आठवडे तग धरतो, क्लेबसिएला बेसिनच्या जाळीत, ओल्या जागी, माणसाच्या आतड्यात. तिथून बाळापर्यंत पोचायला त्यांना वाहन लागतं आणि ते म्हणजे हात. आमचे, डॉक्टरांचे, एक्सरेवाल्याचे आणि तुमचे.

साबणाने 40 ते 60 सेकंद, सॅनिटायझरने 20 ते 30 सेकंद आणि तो हातावरच सुकू द्यायचा, गाऊनला पुसायचा नाही. बोटांची टोकं आणि अंगठा हे दोन भाग हमखास राहतात. कोपरापर्यंत काही नको, घड्याळ, अंगठी, कडं, दोरा, काहीच नाही. आणि इथे येतो हिरव्या चुड्याचा प्रश्न. ओटीभरणाला भरलेला चुडा काढायचा म्हटलं की सासूबाईंचा चेहरा बदलतो, मला समजतं ते, पण बांगड्यांखाली साबण पोचत नाही हे खरंय. मी आयांना सांगते की काढून रुमालात बांधून उशाशी ठेवा, बाळ घरी गेलं की सगळ्या मिळून परत भरा, आणि बहुतेक घरात हे चालतं. नखं कापलेली, नेलपेंट नको. बाळाच्या मनगटाला काळा दोरा, पाळण्यात अंगारा, गालाला काजळ हे सगळं डिस्चार्जनंतरही नको खरंतर, पण आत तर अजिबात नको.

मोबाइल आत आणूच नका. व्हिडिओ कॉलवर आत्याला बाळ दाखवायचं म्हणून हात धुऊन आत आलेला बाप खिशातून फोन काढतो आणि त्याच हाताने बाळाला शिवतो, झालं, धुतलेलं वाया. फार गरज असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि नंतर परत हात. एक खासगी मत सांगते, बऱ्याच ठिकाणी गाऊन, टोपी, चपला बदलणं यावर जेवढा कडकपणा असतो तेवढा हातावर नसतो, आणि खरा फरक पडतो तो हातानेच.

आमच्यापैकी कोणी हात न धुता बाळाला लावायला निघालं तर बोला. 'सिस्टर, सॅनिटायझर इथेय' एवढं हसून म्हटलं तरी पुरतं. रात्री तीन वाजता एका सिस्टरकडे सहा-सात बाळं असतात, दोन मॉनिटर एकदम वाजत असतात, तेव्हा विसर पडतो, हे कारण म्हणून सांगत नाहीये पण खरं आहे. पहिल्यांदा राग येईल आम्हाला, दुसऱ्यांदा नाही येणार.

दूध हेच औषध समजा

आईचं दूध, त्यातही पहिला चीक, हा या लढाईतला तुमच्याकडचा सगळ्यात मोठा वाटा. जमलं तर डिलिव्हरीनंतर पहिल्या सहा तासातच पिळायला सुरुवात करा, मग दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, रात्रीचं एकदा तरी चुकवू नका. सुरुवातीला चार थेंब येतात आणि बाई रडते की मला दूधच नाही, अहो पहिल्या दिवशी चार थेंबच येतात आणि ते चार थेंब लाखमोलाचे असतात, बाळ तोंडाने पीत नसलं तरी ते त्याच्या गालाच्या आतून लावता येतात, सिस्टरला विचारा. हात धुऊन, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत हाताने पिळणं सगळ्यात सुरक्षित. पंप वापरत असाल तर त्याचा प्रत्येक भाग दरवेळी सुटा करून धुवा आणि पूर्ण वाळवा, ओला पंप म्हणजे जंतूंची वसाहत. वाटीवर किंवा डबीवर नाव, तारीख, वेळ. बाहेर ठेवलेलं दूध चार तासाच्या आत वापरायचं, त्यापुढे फ्रिज, आणि फ्रिजमध्ये किती वेळ चालेल ते तुमच्या युनिटच्या नियमाने.

पावडरचं दूध निर्जंतुक नसतं, हे डबा सीलबंद असल्याने कोणाच्या लक्षातच येत नाही. आईचं दूध अगदीच पुरत नसेल तर मिल्क बँक आहे का विचारा. आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलमध्ये 1989 ला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आता राज्यात बऱ्याच ठिकाणी आहेत. तिथलं दूध तपासून पाश्चराइज केलेलं असतं. शेजारच्या बाईचं कच्चं दूध मात्र नको, कितीही जवळची असली तरी.

घुटी, मध, गुळाचं पाणी, गंगाजल यातलं काहीही लपून बाळाच्या जिभेला लावू नका. लावतात हो लोक, आम्ही पाठ फिरवली की.

आणि कांगारू. डॉक्टर हो म्हणाले की बाळाला उघड्या छातीवर घ्या, आई थकली तर बाबांनी घ्या, आजीनेही चालतं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशात झालेला अभ्यास आला, त्यात एक ते 1.8 किलोच्या आतल्या बाळांना वाट न बघता लगेच कांगारू दिलं तर 28 दिवसातले मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले आणि सेप्सिसही कमी झाला. याचं एक कारण मला साधं वाटतं, बाळ आईच्या अंगावर असलं की त्याला आईचे घरगुती जंतू मिळतात, वॉर्डातले नाही, आणि दहा हात त्याला लागत नाहीत. सर्दी, खोकला, जुलाब, हातावर गळू असेल तर त्या दिवशी आत यायच्या आधी सांगा, लपवू नका.

रोज विचारायचे दोन प्रश्न

एक, 'नाळेतली किंवा हातातली ती लांब लाईन आजही लागतेय का?' दोन, 'श्वासाची नळी कधी निघेल?' प्रत्येक लाईन म्हणजे जंतूला थेट रक्तात जायचा रस्ता, आणि दूध पूर्ण पचायला लागलं की लाईन काढता येते. हे प्रश्न राउंडच्या वेळी, एकाच माणसाने, रोज. पाच नातेवाईक पाच वेळा विचारायला आले की आमचा सगळ्यांचा वेळ जातो आणि उत्तरंही पाच वेगवेगळी कानावर पडतात. एक वही ठेवा, तारीख, वजन, कोणतं औषध कधी सुरू, कधी बंद, कल्चर कधी पाठवलं, काय आलं.

ती वही दुसऱ्या हॉस्पिटलात हलवायची वेळ आली तर सोन्यासारखी कामाला येते. हलवताना कल्चरचा रिपोर्ट, कोणती अँटिबायोटिक्स किती दिवस झाली याची नोंद घेतल्याशिवाय गाडीत बसू नका. आणि तिथे पोचल्यावर लपवायचं नाही. काहींना भीती वाटते की रेझिस्टंट जंतू म्हटलं तर ॲडमिशन देणार नाहीत. पण सांगितलं तर ते बाळ वेगळ्या बाजूला ठेवतात, वेगळा स्टेथोस्कोप वापरतात आणि पहिल्या तासापासून योग्य औषध सुरू करतात, नाही सांगितलं तर दोन दिवस चुकीचं औषध जातं. सरकारी एसएनसीयूत (सरकारी रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या विशेष विभागात) आजारी नवजात बाळाचे उपचार, तपासण्या, औषधं आणि रेफर करायची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून मोफत आहे, तेव्हा खासगीतलं बिल आवाक्याबाहेर गेलं तर मध्येच औषध तोडून घरी नेण्यापेक्षा जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजला हलवण्याबद्दल बोला. घरी नेऊ नका.

ज्यांची डिलिव्हरी अजून व्हायचीये आणि डॉक्टरांनी जोखमीची आहे सांगितलंय, जुळी आहेत, बीपी आहे, सात महिन्यातच कळा येतायत, त्यांनी एनआयसीयू असलेल्या ठिकाणीच नाव घाला. बघायला गेलात तर मशीन किती भारी ते बघू नका. एका वॉर्मरवर एकच बाळ आहे का, हात धुवायच्या बेसिनला पाणी आणि साबण दोन्ही आहे का, आयांना आत येऊ देतात का, एवढं बघा.

घरी आल्यावर

डिस्चार्जच्या आधी कानाच्या तपासणीची तारीख घ्या. जेंटामायसिन, अमिकासिन यांचा ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो आणि ते घरी लवकर लक्षात येत नाही. बाळ 34 आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा दोन किलोच्या आतलं असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी जन्मापासून महिन्याच्या आत व्हायलाच हवी, डोळे दिसायला कितीही छान असले तरी. सेप्सिस होऊन गेलेल्या बाळात डोळ्याचा धोका वाढतो.

घरी बाटली नको, वाटी-चमचा. नाळेला हळद, तेल, राख काही नको, कोरडी ठेवा. बाळ बघायला येणाऱ्यांना पहिला सव्वा महिना लांबूनच राम राम, हा आपल्याकडचा जुना नियम या बाबतीत उत्तम आहे, पुरेपूर वापरा. आशाताई 42 दिवसांपर्यंत ठराविक दिवशी घरी येतात, ही पद्धत गडचिरोलीच्याच कामातून देशभर गेलीये, त्यांना वही आणि डिस्चार्ज कार्ड दाखवा.

बाळ दूध ओढेनासं झालं, नेहमीपेक्षा सुस्त पडलं, काखेतलं तापमान 36.5 अंश सेल्सियसच्या खाली किंवा 37.5 च्या वर गेलं, श्वास मिनिटाला 60 पेक्षा जास्त झाला किंवा छाती आत ओढली जायला लागली, झटके आले, नाळेतून पू आला, तर सकाळची वाट बघायची नाही. लहान बाळात ताप येण्यापेक्षा अंग गार पडणं जास्त दिसतं, त्यामुळे 'ताप नाहीये ना, मग बरंय' असं समजू नका. 108 ला फोन करा, वही सोबत घ्या, आणि मोठ्या भावंडाचं उरलेलं अँटिबायोटिक सिरप फ्रिजमध्ये असेल तर त्यातला एक थेंबही निघायच्या आधी देऊ नका, नाहीतर तिथे पोचल्यावर कल्चरमध्ये काही सापडणार नाही.